मूल्यमापनात गावाचा वाटा

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही विकास योजनेचा एक टप्पा पुरा झाला की तिचे मूल्यमापन होते. निधी किती आला, खर्च किती झाला, उद्दिष्ट किती टक्के गाठले, याचे तक्ते तयार होतात. हे काम आवश्यकच आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. परंतु तक्ता भरला म्हणजे मूल्यमापन झाले, असे मानू लागलो तर फार महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते.

समजा, एका गावात 200 घरे आहेत आणि नळपाणी योजनेतून 180 घरांना पाणी मिळू लागले. अहवालात 90 टक्के यश नोंदले जाईल. उरलेली 20 घरे गावभर विखुरलेली असतील तर ती तांत्रिक अडचण म्हणता येईल. पण ती वीसही घरे ओढ्यापलीकडच्या एकाच कातकरीवाडीत असतील तर? टक्केवारी तीच राहते, अर्थ मात्र पार पालटतो. म्हणून मूल्यमापनाचा पहिला प्रश्न ‘किती जणांना मिळाले?’ एवढाच नसून ‘कोणाला मिळाले नाही आणि का?’ हाही असला पाहिजे. त्याचे उत्तर कार्यालयातील नोंदवहीत क्वचितच सापडते. ते त्या वाडीतील माणसांनाच विचारावे लागते.

आपल्या देशात मूल्यमापनाची जाणीव नवी नाही. 2 ऑक्टोबर 1952 रोजी समाजविकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच महिन्यात नियोजन आयोगाने स्वतंत्र मूल्यमापन संघटना उभी केली. राबविणाऱ्यानेच स्वतःला गुण देऊ नयेत, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे 1957 मध्ये बलवंतराय मेहता समितीने दाखवून दिले की, या कार्यक्रमातून लोकांचा पुढाकार जागा होऊ शकला नाही. त्या निष्कर्षातून पंचायत राज्याची वाट निघाली. तरीही गावाने योजनेची पारख करावी, ही कल्पना रुजायला आणखी अनेक वर्षे लागली.

तिला बळ मिळाले ते राजस्थानातून. मजूर किसान शक्ती संघटनेने 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. विकासकामांचे हजेरीपट व देयके गावासमोर मोठ्याने वाचण्यात आली. कागदावर कोणाची नावे आहेत आणि कामावर प्रत्यक्ष कोण होते, हे गावाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ज्यांना अक्षरओळख नव्हती असे मजूरही त्या दिवशी साक्षीदार आणि परीक्षक झाले. माहितीच्या अधिकाराची चळवळ याच मागणीतून वाढली आणि 2005 मध्ये तसा कायदा झाला.

महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आणला. राष्ट्रीय पातळीवर 2005 मध्ये असा कायदा झाला, तेव्हा त्याच्या 17 व्या कलमाने सामाजिक अंकेक्षणाचे काम ग्रामसभेकडे सोपविले. 2011 च्या नियमांनी त्याची पद्धत आखून दिली: कागदपत्रे सभेपूर्वी किमान 15 दिवस उपलब्ध करावीत, अंकेक्षणास साहाय्य करणारी व्यक्ती त्याच ग्रामपंचायतीतील रहिवासी नसावी आणि अंमलबजावणी यंत्रणेने त्यात हस्तक्षेप करू नये. कायदे बदलतात, योजनांची नावे बदलतात. ही तीन पथ्ये मात्र कोणत्याही योजनेला लागू पडणारी आहेत.

आपल्या राज्यातील दुसरे उदाहरण आरोग्यसेवेचे आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. परिचारिका गावात येते का, औषधे मिळतात का, केंद्रात वागणूक कशी मिळते, याविषयी गावकऱ्यांनी चर्चा करून प्रगतिपत्रक तयार करावयाचे होते. चांगल्या सेवेला हिरवा रंग, मध्यमला पिवळा आणि वाईटला लाल. वाचता न येणाऱ्या भगिनीलाही ते पत्रक समजत असे. पुढे जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर ते मांडले जाई. तेथे केवळ तक्रारी झाल्या नाहीत. रिक्त पदे व औषधांचा तुटवडा असे वरच्या पातळीवरच सुटणारे प्रश्नही पुढे आले. प्रामाणिक कर्मचाऱ्याला अशा मूल्यमापनाचे भय नसते, उलट त्याचा आधारच वाटतो.

तथापि, सभा भरवली म्हणजे लोकसहभाग साधला, असे होत नाही. ग्रामसभेत पुढच्या रांगेत कोण बसते आणि दाराशी कोण उभे राहते, हे आपण सारे पाहतो. ज्याच्या शेतावर उद्या मजुरीला जायचे आहे त्याच्यादेखत मजूर मोकळेपणाने बोलणार नाही. गाव एक असले तरी गावाचा आवाज एक नसतो. म्हणूनच ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात करण्यात आली. तोच विचार पुढे नेऊन वस्तीवर, तांड्यावर, पाड्यावर जाऊन बैठका घ्याव्या लागतील. मजुरीची वेळ टाळून, त्यांच्या बोलीत, त्यांच्या अंगणात. ऊसतोडीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे गावी नसताना केलेली पाहणी पुरी कशी म्हणता येईल?

येथे आपणा प्रत्येकाचे काम वेगळे आहे. अधिकाऱ्यांनी अंदाजपत्रक, हजेरीपट व लाभार्थींची यादी सोप्या मराठीत आधी खुली करावी. शिक्षकांनी ती वाचून दाखवावी, आकडे समजावून द्यावेत. परंतु लोकांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत सुधारू नयेत. पंचायत सदस्यांनी सर्वांत लहान वस्तीचे म्हणणे प्रथम ऐकावे. निष्कर्ष एकूण आकड्यांबरोबर वस्तीवार आणि स्त्री-पुरुषनिहाय मांडावेत. आणि ज्याने उणीव सांगितली त्याला पुढे त्रास होणार नाही, ही हमी सर्वांनी मिळून द्यावी.

शेवटची गोष्ट सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. लोकांकडून माहिती घेतली जाते, अहवाल वर जातो आणि गावाला पुढे काहीच कळत नाही. दुसऱ्या वेळी मग तीच माणसे बोलायला पुढे येत नाहीत. निष्कर्ष गावात परत आले पाहिजेत. कोणती उणीव कोणी, किती मुदतीत दूर करावयाची, हे ग्रामसभेत लिहून ठेवले पाहिजे आणि पुढच्या सभेचे कामकाज त्याच कागदाच्या वाचनाने सुरू झाले पाहिजे. ओढ्यापलीकडच्या वीस घरांत पाणी पोहोचले की नाही, हे त्या घरांतील माणसांनी सभेत उभे राहून सांगावे आणि त्यांचे म्हणणे अहवालात जसेच्या तसे उतरावे. असे घडले तरच आपले मूल्यमापन न्याय्य झाले, असे म्हणता येईल.