चेहऱ्याची लाली आणि ट्यूबची भूल

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

यंदा मंडळानं आरोग्यावर बोला असा आग्रह केला. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेला, राज्य शासनाच्या आरोग्य खात्यात औषधं देणारा कर्मचारी आहे. रोगाचं निदान करणं माझं काम नाही. पण कोणतं औषध अंगात जाऊन काय करतं, हे समजावून सांगणं नक्कीच माझं काम आहे. म्हणून आज एकच विषय घेतो: चेहरा लाल का होतो, आणि त्यावर आपण जी ट्यूब लावतो ती काय करते.

लालबाग म्हटलं की बाहेरच्या माणसाला मुंबई आठवते. आपली लालबाग म्हणजे बऱ्हाणपूरचं स्टेशन, ताप्ती मिल, आणि मे महिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आणणारं ऊन. इथं कुणी केळीच्या बागेत दिवसभर उभा असतो, कुणी पॉवरलूमच्या गरम शेडमध्ये, कुणी चुलीपुढे. चेहरा तापणं, लाल होणं हे आपल्याला नवीन नाही. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्या, त्यांत रक्त जास्त आलं, की चेहरा लाल दिसतो. उन्हानं, तिखटानं, गरम चहानं, रागानं येणारी लाली थोड्या वेळात उतरते. तिची काळजी करू नका. जी उतरत नाही किंवा पुन्हा पुन्हा येते, तिचं कारण शोधावं लागतं.

आणखी एक गोष्ट. पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या रंगावर लाली टोमॅटोसारखी दिसत नाही. ती तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळसर दिसते. त्यामुळे आपण तिला 'डाग' म्हणतो आणि डाग घालवायच्या मागे लागतो. म्हणून रंगापेक्षा लक्षणं विचारा. आग होते का? चेहरा गरम लागतो का? साधं पाणी लावलं तरी चुरचुरतं का? उत्तर 'हो' असेल तर तो डाग नाही, कातडीला आलेली सूज आहे.

आता ट्यूबकडे वळू. औषधाच्या खिडकीवर आई मुलीला पुढे करते आणि हळूच विचारते, "भाऊ, ती चेहऱ्याची ट्यूब आहे का? शेजारच्या ताईंनी लावली, आठ दिवसांत उजळल्या." पुष्कळदा या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेली असतात. कधी त्यासोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असतं, कधी रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन.

स्टेरॉइड वाईट नाही. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो हे सिद्ध झालं, आणि इसबासारख्या कितीतरी आजारांत लोकांना दिलासा मिळाला. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर ते उत्तम औषध आहे. पण ते काम कसं करतं ते पाहा. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या आखडतात. एखादं स्टेरॉइड किती जोरदार आहे हे मोजायची पद्धतच अशी आहे की ते कातडीवर लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. १९६२ पासून ही चाचणी वापरली जाते. म्हणजे शेजारच्या ताईंचा जो 'उजळपणा' दिसला, त्यात मोठा वाटा आखडलेल्या रक्तवाहिन्यांचा होता.

पुढचं गणित महत्त्वाचं आहे. हाताच्या कातडीतून जेवढं स्टेरॉइड आत शिरतं, त्याच्या सुमारे ६ पट कपाळातून आणि सुमारे १३ पट जबड्याच्या कातडीतून शिरतं. हातावरच्या खाजेसाठी दिलेली ट्यूब चेहऱ्यावर लावली, की मात्रा आपोआप कित्येक पट वाढते. काही आठवडे, काही महिने रोज लावत राहिलं की कातडी पातळ होते, आतल्या शिरा जाळीसारख्या दिसू लागतात, मुरमं येतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते. मग घाबरून ट्यूब बंद केली, तर आखडून राहिलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुगतात. चेहरा लालबुंद होतो, आग होते, उन्हात पाऊल टाकवत नाही. माणूस म्हणतो, ट्यूब होती तेव्हा बरं होतं. पुन्हा लावतो, पुन्हा दोन दिवस बरं वाटतं. ज्या लालीवर औषध म्हणून ट्यूब आणली, तीच लाली आता ट्यूब तयार करत असते. व्यसन यापेक्षा वेगळं काय असतं?

ही एखाद्या गल्लीतली गोष्ट नाही. २०११ साली आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. मैत्रीण, नातेवाईक, पार्लर, मेडिकलवाला, असा तो सल्ला आलेला होता. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं याविरुद्ध मोहीम चालवली आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चेहऱ्याला-अंगाला लावायची स्टेरॉइडंही अनुसूची 'एच'मध्ये घेतली. आता ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा झाला, पण चिठ्ठी न मागणारं दुकान आणि चिठ्ठी न नेणारं गिऱ्हाईक दोन्ही अजून आहेत. दुकानदाराला दोष देण्याआधी आपण आपली चिठ्ठी नेऊया.

काही जण म्हणतील, मग बिनानावाचं 'हर्बल' क्रीम बरं. अकोला आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या एका तरुणीनं, तिच्या आईनं आणि बहिणीनं गोरं करणारं क्रीम लावलं आणि तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ साली ही बातमी वर्तमानपत्रांत आली होती. ज्या डबीवर घटक, कंपनी, परवाना क्रमांक आणि तारीख नाही, ती डबी कितीही स्वस्त आणि गुणकारी सांगितली तरी घरात आणू नका.

भगिनींनो, या सगळ्याच्या मुळाशी एक दुखणं आहे, ते कोणत्याच ट्यूबनं जात नाही. लग्न ठरायच्या आधी दोन महिने मुलीच्या चेहऱ्यावर प्रयोग सुरू होतात. रावेर-जळगावकडची पाहुणेमंडळी येणार असतात, आणि घरातलंच कुणीतरी म्हणतं, "हिला जरा काहीतरी लाव." मुलगी निमूटपणे लावते. लग्न होतं, सासरी ट्यूब संपते, चेहरा भडकतो, आणि तिथं तिलाच ऐकून घ्यावं लागतं. सावळा रंग हा आजार नाही. ज्याला आजार नाही त्याला औषध द्यायचं नसतं, हे आम्हाला पदविकेच्या पहिल्या वर्षी शिकवतात. घराघरात शिकवायला काय हरकत आहे?

आता कुणी बराच काळ अशी ट्यूब लावत असेल तर काय करावं? ती ट्यूब आणि तिचं खोकं घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. किती दिवस लावली ते खरं सांगा. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा भडकेल, त्यासाठी ते दुसरं औषध देतात. धीर धरला तर बहुतेकांचा चेहरा हळूहळू निवळतो, पण त्याला काही महिने लागू शकतात.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका. दोन्ही गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, सोबत सांधेदुखी, थकवा, केस गळणं असेल, तर रक्ताची तपासणी लागते. एका बाजूला लाल, गरम, दुखरी सूज आणि ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि लालसर किंवा फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. लाजू नका. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर रोग पूर्ण बरा होतो.

रोजची काळजी अगदी साधी आहे. चेहरा दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा, घासू नका. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्यावर लावू नका. धुतल्यावर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. उन्हात जाताना टोपी, रुमाल किंवा पदर घ्या. सनस्क्रीन घ्यायचं तर एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि चेहरा-मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा. केस रंगवण्याआधीही कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस थांबा. केसांच्या काळ्या रंगानं चेहरा सुजलेले लोक आम्ही नेहमी पाहतो.

आणि आता विसर्जन येतंय, म्हणजे गुलाल आला. गुलाल जरूर उधळा, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चोळू नका. निघण्याआधी चेहऱ्याला व्हॅसलीनचा पातळ थर लावा. घरी आल्यावर आधी कोरडा गुलाल झटका, मग भरपूर पाण्यानं धुवा. एकदा धुऊन रंग गेला नाही तर राहू द्या, दोन दिवसांत जाईल. खरडून काढलात तर रंग जाईल आणि कातडीही सोलवटेल. दुसऱ्या दिवशी चेहरा लाल झाला तर घरातली जुनी ट्यूब शोधू नका. थंड पाण्याची घडी ठेवा, आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर दवाखान्यात या.

एक विनंती करून थांबतो. आज घरी गेल्यावर कपाटातल्या, देवघराच्या फळीवरच्या, पर्समधल्या सगळ्या ट्यूब बाहेर काढा. घरात कॉलेजात जाणारं पोर असेल तर त्याच्याकडून बारीक अक्षरं वाचून घ्या. मी सांगितलेल्या चारांपैकी एखादं नाव दिसलं, तर विचारा: ही कुणी दिली, कशासाठी दिली, किती दिवसांसाठी दिली? तीन उत्तरं मिळाली नाहीत, तर ती ट्यूब चेहऱ्याला लावायची नाही.