ऑपरेशन झाले, पुढे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरसाल या दिवशी आम्ही शिक्षणावर नाहीतर व्यसनावर बोलतो. यंदा वजन कमी करण्याच्या ऑपरेशनवर बोलणार म्हटल्यावर मागे बसलेली पोरे हसली. हसू द्या. हे श्रीमंतांचे, सिनेमावाल्यांचे ऑपरेशन, असा आपला समज होता. आता आपल्या चाळींत, एसआरएच्या इमारतींतही ते झालेली माणसे आहेत. कुणी सोसायटीचे कर्ज काढले, कुणी गिरणीतून मिळालेली ग्रॅच्युइटी त्यात घातली. साखर आटोक्यात येईना, गुडघे चालू देईनात म्हणून केले. हौसेने कुणी पोट कापून घेत नाही, एवढे टिंगल करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

ऑपरेशन करा किंवा करू नका, हे आम्ही सांगत नाही. ते डॉक्टरांनी आणि घरच्यांनी ठरवावे. आमचे म्हणणे त्यानंतरच्या तपासणीबद्दल आहे.

या ऑपरेशनात होते काय, ते आधी समजून घेऊ. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. केळ्यासारखी एक नळी उरते. बायपासमध्ये जठराचा छोटासा कप्पा करून तो आतड्याला पुढे जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. आणि लोह, कॅल्शियम अंगात जाते ते मुख्यतः त्याच भागातून! बी-१२ शोषून घ्यायला जठरात तयार होणारा एक पदार्थ लागतो, तोही कमी पडतो. म्हणजे जेवण कमी झाले ही एक गोष्ट, आणि जेवलेले अंगी लागत नाही ही दुसरी. पहिली सगळ्यांना दिसते, दुसरी कुणालाच दिसत नाही.

यात फसगत कशी होते पाहा. बी-१२ चा साठा लिव्हरमध्ये असतो आणि तो काही वर्षे पुरू शकतो. त्यामुळे पहिले वर्ष झकास जाते. वजन उतरते, जुने कपडे ढगळ होतात, लग्नकार्यात लोक विचारतात, काय गं, ओळखूच आली नाहीस! मग गोळ्या महाग वाटू लागतात, फाईल माळ्यावर जाते. साठा संपतो तेव्हा ऑपरेशन कुणाच्या डोक्यातही नसते.

आमच्या वस्तीतल्या एका भगिनीचे असेच झाले. चाळीस किलो उतरल्या. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या तपासणीला गेल्या, पुढे जाणे बंद. त्यांना आम्ही दोष देणार नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तपासणी म्हणजे एका दिवसाचा खाडा, गाडीभाडे आणि रक्ताचे वेगळे पैसे. शिवाय, मी तर ठणठणीत आहे! तिसऱ्या वर्षी जिना चढताना धाप लागू लागली, पायांना मुंग्या, रात्री तळव्यांची आग. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी अंगारा आणून दिला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा! शेवटी मुलीने ओढून दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन सात, बी-१२ फारच कमी. औषधे-इंजेक्शने सुरू झाल्यावर धाप गेली, मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. नसांना एकदा इजा झाली आणि उपचाराला उशीर झाला, तर ती सगळीच भरून येते असे नाही.

गिरणीत साचा सुरू झाला म्हणून कुणी तेलपाणी बंद करत नसे. इथे तर माणूस आहे.

साधारणपणे पहिला, तिसरा, सहावा आणि बारावा महिना, नंतर वर्षातून एकदा, जन्मभर तपासणी. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर हे सगळे पाहावे लागते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. साखरेच्या आणि बीपीच्या जुन्या गोळ्यांचा डोस बहुधा कमी करावा लागतो. तो डॉक्टरांकडून करून घ्या, नाहीतर साखर उतरून चक्कर येते. अंगदुखीची गोळी दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका, जोडलेल्या जागी अल्सर होतो. लेकी-सुनांनी वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत. दारूचे तर विचारूच नका. पाचवे शील आहेच, पण या ऑपरेशननंतर ती रक्तात झटकन चढते.

उलट्या थांबत नसतील किंवा बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात जोराची कळ आली, तर तारखेची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

आणखी एक. दोन वर्षांनी चार-पाच किलो परत चढले की माणूस लाजतो, डॉक्टर रागावतील म्हणून जात नाही. अहो, तेव्हाच तर जायचे!

संयुक्त निकायात राजा प्रसेनजिताची गोष्ट आहे. भरपूर जेवून धापा टाकत तो तथागतांकडे आला. त्यांनी मिताहारावर एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की रोज म्हणायची, असे काम दिले. त्याबद्दल रोजचे शंभर कार्षापण! राजाचे खाणे हळूहळू उतरले. उपदेश एकदाच मिळाला होता, गुण आला तो रोजच्या आठवणीने. आपल्या घरी सुदर्शन ठेवायला शंभर कार्षापण लागत नाहीत. सातवीतली पोरगीसुद्धा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा लिहील आणि बापाला आठवण करील.

ज्यांचे ऑपरेशन व्हायचे आहे, त्यांनी नंतरच्या तपासण्यांचा आणि गोळ्यांचा वर्षाचा खर्च आधीच विचारून घ्यावा, तेवढे पैसे बाजूला ठेवावेत. ज्यांचे झाले आहे, त्यांनी माळ्यावरची फाईल काढून रविवारी वंदनेनंतर विहारात आणावी. आम्ही तारखा वहीत उतरवून घेऊ. सोबतीला माणूस नसेल तर आमच्यातला एकजण येईल. रक्त बहुधा सकाळी उपाशीपोटी द्यायचे असते, तेव्हा आदल्या रात्रीच निरोप द्या.

जयभीम!