रेषा आणि वहिवाट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी 'अक्साई चिन' हा रुक्ष विषय कशासाठी, असा प्रश्न कार्यकारिणीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस केला. प्रश्न रास्त आहे. बडा फुहाऱ्याच्या या गजबजलेल्या बाजारपेठेत बसून हिमालयापलीकडच्या निर्जन पठाराची चर्चा करणे कोणास हौसेचे वाटेल. परंतु नकाशा उघडून जबलपुरातून सरळ उत्तरेकडे रेघ ओढावी. सुमारे 1,300 किलोमीटरांनंतर ती अक्साई चिनलाच जाऊन भिडते. शिवाय हे नाते केवळ रेखांशाचे नाही. ज्या डोग्रा फौजेने लडाख जिंकून या सीमेचा इतिहास सुरू केला, तिचा वारसा सांगणाऱ्या जम्मू-काश्मीर रायफल्सचे केंद्र आज आपल्याच शहरात आहे. लष्कराची रसद वाहणारे शक्तिमान ट्रक 1969 मध्ये स्थापन झालेल्या येथील वाहन कारखान्यात वर्षानुवर्षे तयार झाले, आणि त्या कारखान्याची भाकर खाल्लेली घरे या सभागृहातही आहेत.

प्रथम प्रदेशाची ओळख करून घेऊ. अक्साई चिन म्हणजे लडाख, तिबेट आणि सिंकियांग यांच्या बेचक्यातील सुमारे 38,000 चौरस किलोमीटरांचे ओसाड पठार. उंची साधारणतः 5,000 मीटर; झाड नाही, गाव नाही, खारट पाण्याची सरोवरे मात्र आहेत. गुलाबसिंगांचा सेनापती जोरावरसिंग याने 1834 मध्ये लडाखवर स्वारी केली. 1841 साली तो पश्चिम तिबेटात शिरला आणि त्या वर्षाअखेरीस ऐन हिवाळ्यात लढताना मारला गेला. पुढल्या वर्षी तह झाला. पूर्वापार चालत आलेल्या सीमा उभय पक्षांनी पाळाव्यात, असे ठरले. त्या सीमा कोणत्या, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. पुढील सारा कलह या एका न लिहिलेल्या ओळीतून उगवला, असे आम्हांस वाटते.

इंग्रजांनी रेषा ओढल्या, पण एक नव्हे, अनेक. जॉन्सन नावाच्या सर्वेक्षकाने 1865 मध्ये खोतानचा प्रवास केला आणि आपल्या नकाशात अक्साई चिन काश्मीरच्या हद्दीत दाखविले. 1899 साली त्याच सरकारने पेकिंगला जो प्रस्ताव धाडला, त्यात या पठाराचा बहुतेक भाग चीनकडे जात होता. चीनने त्याला उत्तरच दिले नाही. रशियाचे भय वाढले की रेषा पुढे सरके. चीन हा रशियाच्या वाटेतला बांध ठरेल असे वाटू लागले की ती मागे येई. जमिनीवर मात्र कोणाचाच खांब नव्हता.

पलीकडची कथाही पाहिली पाहिजे. सिंकियांग या शब्दाचाच अर्थ 'नवी सरहद्द' असा आहे. मांचू राजवटीने 1884 मध्ये त्याचा प्रांत बनविला. 1912 नंतर तेथे सुभेदारांचे राज्य चालले. 1933 मध्ये काशगरात आणि 1944 मध्ये इली खोऱ्यात पूर्व तुर्कस्तानची स्वतंत्र प्रजासत्ताके उभी राहिली आणि मावळली. 1949 मध्ये साम्यवादी फौजा आल्या. 1955 मध्ये त्या प्रांताला 'स्वायत्त' हे बिरुद मिळाले, सत्ता मात्र पेकिंगचीच राहिली. 1951 नंतर तिबेटही चीनच्या ताब्यात गेले, तेव्हा या दोन अस्वस्थ प्रांतांना जोडणारी वाट त्यास हवी होती, आणि सोयीची वाट अक्साई चिनमधून जात होती. रस्ता बांधला गेला. त्याचे सुमारे 180 किलोमीटर आपण आपली मानीत असलेल्या भूमीतून जातात. 1957 साली चीननेच तो पूर्ण झाल्याचे जाहीर केले.

आपण काय करीत होतो? 1950 च्या सरकारी नकाशात या भागाची सीमा 'अनिर्धारित' अशीच छापली होती. 1954 नंतर ती पक्क्या रेषेने दाखविण्याचा निर्णय झाला. 1958 च्या उन्हाळ्यात दोन तुकड्या पाहणीस गेल्या, तेव्हा एक तुकडी चिन्यांनी पकडली. ऑक्टोबर 1959 मध्ये कोंगका खिंडीजवळ आपले पोलीस मारले गेले. 21 ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन त्यांचाच. 1960 मध्ये उभय देशांच्या अधिकाऱ्यांनी पुरावे मांडले, तेव्हा महसुलाची व कारभाराची जुनी दप्तरे आपल्या बाजूने भक्कम होती. दप्तर आपले होते, पाऊल मात्र त्यांचे होते.

बडा फुहाऱ्यावर हे आपण नित्य पाहतो. दुकानापुढे आज फळी येते, उद्या वर पत्रा चढतो, परवा भिंत उभी राहते, आणि मग सांगितले जाते की ओटा आजोबांच्या वेळेपासूनचा आहे. येथे एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या आरंभी एका सरकारी भूखंडाचा वार्षिक अहवाल आमच्याकडे होता. दोन वर्षे आम्ही जागेवर न जाता 'परिस्थितीत बदल नाही' असे लिहून सही केली. तिसऱ्या वर्षी गेलो, तो तेथे चार पक्की घरे आणि अंगणात वाळत घातलेली धुणी. खटला सुरू झाला आणि आमच्या दोन सह्या विरुद्ध पक्षाच्या वकिलाने न्यायालयात मोठ्याने वाचून दाखविल्या. त्या दिवसापासून अक्साई चिनचा इतिहास आम्ही परक्याचा म्हणून वाचलेला नाही.

1962 चा पराभव आपणास ठाऊक आहे. आमचा जन्म त्यानंतरचा. पण रेझांग ला येथे 18 नोव्हेंबर रोजी मेजर शैतानसिंग आणि तेराव्या कुमाऊंच्या जवानांनी शेवटच्या गोळीपर्यंत झुंज दिली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र म्हणू लागला. ते खरेच होते. परंतु जवानांनी रक्ताने जे भरून काढावयाचे, ते आधी कारभाराने गमावलेले होते.

7 सप्टेंबर 1993 रोजी सीमेवर शांतता राखण्याचा करार झाला, तेव्हा पंतप्रधान होते नरसिंह राव. रामटेकचे पूर्वीचे खासदार, उत्तम मराठी जाणणारे, हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचे तेलुगू अनुवादक. त्या कादंबरीचे नाव या सीमेच्या संपूर्ण इतिहासाला शोभेल. 15 जून 2020 रोजी गलवानमध्ये आपले 20 जवान धारातीर्थी पडले. ऑक्टोबर 2024 मध्ये गस्तीसंबंधी समझोता झाला. आणि दोनच महिन्यांनी चीनने खोतान विभागात दोन नवे जिल्हे जाहीर केले, ज्यांत लडाखचा भाग येतो म्हणून भारताने जानेवारी 2025 मध्ये निषेध नोंदविला. पुन्हा तीच रीत: आधी पाटी लावावयाची, मग जमीन.

यातून युद्धाची हाक घ्यावी, असे आम्ही सुचवीत नाही. उलट, जेथे शाळा, शिधा, टपाल आणि रस्ता वेळेवर पोहोचतात, तेथे तोफेचे काम कमी होते. चुशूल आणि डेमचोकचा गुराखी हिवाळी कुरणात जनावरे घेऊन जातो, तेव्हा तो देशाची सहीच करीत असतो. त्याची वाट मोकळी ठेवणे हे आपले काम. लहान कर्मचाऱ्याने जागेवर जाऊन खरे लिहावे आणि वरिष्ठाने ते वाचावे, एवढे जरी घडले तरी पुष्कळ झाले.

जाता जाता एकच. या वास्तूच्या वाचनालयातील मराठी पुस्तकांच्या नोंदवहीत अलीकडे बरीच पाने कोरी दिसतात. भाषेलाही वहिवाट लागते. आमचे स्वतःचे नाव त्या वहीत दोन वर्षे नव्हते. येथे येण्यापूर्वी आम्ही एक पुस्तक घेतले आणि सही केली. या वेळी ते वाचूनच परत करू.