‘उठावदार’ म्हणजे नेमकं काय?

दिंडोरी, मोहाडी, वणी हा द्राक्षांचा पट्टा. हंगामाआधी खोक्यांची डिझाईन करून घ्यायला बागायतदार येतात आणि सांगतात, “दादा, जरा उठावदार करा.” अशा वेळी डिझायनरने लगेच संगणकाकडे वळू नये. आधी विचारावं: माल कोणत्या जातीचा, थॉमसन की शरद सीडलेस? जाणार कुठे? खोकं किती किलोचं? आवडलेलं एखादं खोकं आहे का, आणि त्यातलं नेमकं काय आवडलं?

डिझाईन तयार झाल्यावर रंगाची मान्यता मोबाईलवर मुळीच घेऊ नका. पडद्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश असतो. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी, काळी शाई. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मंद उतरतो. म्हणून नमुनाप्रत छापून दाखवा. आणि बागायतदार बंधूंनो, येताना मागच्या हंगामाचं खोकं सोबत आणा.