हलता दात

त, थ, द, ध यांना व्याकरणानं दंत्य म्हटलंय ते उगाच नाही. कविसंमेलनात 'दिवस' म्हणताना माझ्या तोंडून शीळ निघाली, तेव्हा मी सोलापुरातल्या एका दंतवैद्याकडे गेलो. सोबत आपालाही नेलं. तिचे तीन दात हलत होते.

सोलापुरात विड्या वळणारी हजारो घरं, त्यांतलंच आमचं एक. अम्मीच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. तव्यावर तंबाखू भाजून मशेरीही घरीच व्हायची. चाळिशीत अम्मीचं बोळकं झालं. बाळंतपणांनी झालं, असं सगळे म्हणत. आपानं विडी आणि मशेरी दोन्ही उचललं.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. दात शाबूत, भोवतालचं हाड मात्र खचलेलं. हिरडीतून रक्त यायचं, पण दुखत नव्हतं, म्हणून मी वर्षानुवर्षं चूळ भरून मोकळा व्हायचो. हिरडी आतून साफ केली तरी गेलेलं हाड सहसा परत येत नाही. हिरडीची कातडी भराभर वाढून रिकामी जागा बळकावते. हाडाच्या आणि दात बांधून ठेवणाऱ्या तंतूंच्या पेशी सावकाश येतात, त्यांना जागाच उरत नाही.

या पेशींना हाक मारणारी प्रथिनं म्हणजे वृद्धिघटक. गंमत अशी, की त्यांच्या शोधातही दात आहेत. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला, तर पिलांचे डोळे लवकर उघडले आणि दातही लवकर आले. त्या धाग्यावरून सापडलेल्या घटकासाठी त्यांना १९८६ साली नोबेल मिळालं, रीटा लेव्ही-मॉन्टालचिनी यांच्यासोबत. हिरडीखाली भरायच्या अशा एका औषधाला अमेरिकेत २००५ साली आणि दुसऱ्याला जपानमध्ये २०१६ साली परवानगी मिळाली.

पण हे घटक आपल्या रक्तातही असतात. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली मांडलेली रीत साधी आहे. दंडातून रक्त काढायचं आणि लगेच यंत्रात गरगर फिरवायचं. तळाशी लाल, वर पाणी, मधे पिवळसर जेलीसारखा साका जमतो. हिरडी उघडून तो खड्ड्यात भरायचा. खड्ड्याला हाडाच्या भिंती उरल्या असतील तरच उपयोग. माझ्या दाताला होत्या. सहा महिन्यांनी एक्स-रेत काळ्या जागी थोडी पांढरट सावली दिसली. 'दिवस' आता नीट उच्चारता येतो.

आपाच्याही दोन दातांना भिंती आहेत. पण डॉक्टर म्हणाले, "मावशी, रक्त तुमचंच आहे, पण तंबाखू त्याला काम करू देणार नाही. आधी तीन महिने मशेरी बंद."

"मशेरीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही हो," आपा म्हणाली.

आज एकोणीस दिवस झाले. डबी मात्र तिनं फेकलेली नाही. फडताळात चहाच्या डब्यामागे आहे.