जुन्या मालमोटारीचे वय आणि तिचे मूळ काम

माणसाला त्याचे वय विचारणे शिष्टसंमत नाही. मालमोटारीचे वय विचारण्यास कोणाची हरकत नसते. मात्र खरे उत्तर क्वचितच मिळते. कागद एक सांगतात, मालक दुसरे सांगतो, आणि गाडी स्वतः तिसरेच सांगत असते. ह्या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मागे सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावाहून मला बोलावणे आले. तेथे एका गुऱ्हाळाच्या मागे, बाभळीखाली, आखूड नाकाची एक जुनी मालमोटार कित्येक वर्षे उभी होती. सध्याच्या मालकाच्या आजोबांनी ती महायुद्धानंतर लष्करी सामानाच्या लिलावात घेतली होती. नोंदणीच्या कागदावर १९४८ हे साल होते. ही गाडी म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जखमी शिपाई वाहणारी रुग्णवाहिका होय, अशी घरात दृढ समजूत होती. नातवाच्या मनात ती पांढरी रंगवून, तिच्यावर तांबडा क्रॉस काढून, शाळेच्या दारात चौथऱ्यावर उभी करावी असे होते. पाथरवटाला शिळेचा मजकूर देऊन झाला होता. फक्त साल कोणते कोरावे ह्याची खातरजमा करण्यास त्यांनी मला पाचारण केले होते.

प्रथम कागदाचा निकाल लावू. १९४८ हे त्या गाडीच्या मुलकी नोंदणीचे साल होते, जन्माचे नव्हे. लष्करातून सुटलेल्या गाड्या युद्धानंतर विकल्या गेल्या, आणि ज्या वर्षी त्या सामान्य माणसाच्या हाती आल्या तेच वर्ष पुष्कळदा त्यांचे मॉडेल म्हणून चालू लागले. दत्तक मुलाचे वय दत्तविधानाच्या दिवसापासून मोजावे, तसा हा प्रकार आहे.

आता गाडीकडे वळू. तिची पुढची काच पाहताच तिचे कूळ ध्यानात आले. सामान्य मोटारीची काच वरच्या बाजूस मागे कललेली असते. हिची वरच्या बाजूस पुढे झुकलेली होती. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील फोर्ड आणि जनरल मोटर्स ह्या दोन कारखानदारांनी ब्रिटिश पद्धतीच्या लष्करी मालमोटारी एकाच नमुन्यावर बांधल्या. त्या नमुन्याच्या चार लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि आफ्रिकेच्या वाळवंटापासून ब्रह्मदेशापर्यंत पसरल्या. ऑस्ट्रेलियात त्यांना ‘ब्लिट्झ’ म्हणतात. त्यांच्या केबिनी तीन प्रकारच्या असून त्यांना ११, १२ आणि १३ असे क्रमांक आहेत. पहिल्या दोहोंची काच सरळ उभी. १३ क्रमांकाची काच मात्र पुढे झुकलेली, ती अशासाठी की, उन्हाचा चकाकणारा कवडसा वर आकाशात जाऊन शत्रूच्या वैमानिकाला गाडीचा ठावठिकाणा कळू नये. ही तिसरी केबिन १९४१ च्या अखेरीनंतरची, आणि युद्ध १९४५ मध्ये संपले. म्हणजे केवळ एका काचेने चार वर्षांचा पट्टा आखून दिला, आणि कागदावरचे साल त्याच्या बाहेर पडले.

त्याहून जवळ जावयाचे तर ओतीव लोखंड वाचावे लागते. दोन्ही कारखान्यांच्या केबिनी बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण बॉनेट उचलले की भेद कळतो. फोर्डचे इंजिन आठ सिलिंडरांचे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे दुभंगलेले. शेवरोलेचे सहा सिलिंडरांचे, एका ओळीत. येथे सहा होते. शेवरोलेच्या ओतीव भागांवर एक अक्षर आणि काही अंक उठावाने आलेले असतात. अक्षर महिना सांगते, ए म्हणजे जानेवारी, मग दिनांक, आणि शेवटी सालाचा केवळ एकम स्थानचा अंक. इंजिनाच्या ठोकळ्यावरील काजळी घासलेटाने पुसली तेव्हा ‘बी १७ ३’ असे दिसले. हा ३ एकटा पाहिला तर १९३३ चा असेल, नाही तर १९५३ चा; परंतु केबिनीने पट्टा आधीच आखून दिल्यामुळे १९४३ वाचून गत्यंतर नव्हते. तथापि इंजिने बदलली जातात, म्हणून मी मागच्या आसाखाली सरपटत गेलो. तेथील डिफरन्शियलच्या ओतीव घरावर ‘ई’ हे अक्षर आणि पुन्हा ३ हाच अंक मिळाला. जो मूळ भाग सर्वांत उशिरा ओतला गेला, त्याच्या आधी गाडी जुळलेली असणे शक्य नाही. म्हणजे मे १९४३ च्या अगोदरची ही गाडी नव्हे. एवढे मी निःशंकपणे सांगितले, आणि मालक संतुष्ट झाले.

खरी अडचण पुढेच होती. गाडी रुग्णवाहिका असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी मला चाके दाखविली. मातीखाली चाकांच्या काही नटांवर तांबड्या रंगाचे कण खरोखरच होते. “हा पाहा, रेडक्रॉसचा तांबडा रंग,” असे ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री येऊन चाके उघडणार आहे, हेही त्यांनी सहज सांगितले. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

श्रोतेहो, ज्यांच्या दारी अशी गाडी असेल त्यांनी हे लक्ष देऊन ऐकावे. ह्या गाड्यांच्या चाकाची रिम दोन अर्धांची असते, आणि ती अर्धे नटांच्या एका कड्याने एकमेकांस आवळलेली असतात. चाक गाडीस जोडणारे नट निराळे. टायरमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले, तर ती अर्धे तोफेच्या गोळ्यासारखी सुटतात आणि समोरच्या माणसाचा प्राण घेतात. म्हणून लष्करात तेवढेच नट तांबडे रंगवीत: हवा पूर्ण काढल्यावाचून ह्यांना हात लावू नये, एवढाच त्या रंगाचा अर्थ. एका टायरमध्ये अजून हवा होती. मी प्रथम ती सोडावयास लावली, मिस्त्रीला निरोप धाडविला, आणि मगच पुढच्या गोष्टीकडे वळलो.

मूळचा साटा केव्हाच नाहीसा होऊन त्याच्या जागी गावच्या सुताराने केलेला लाकडी साटा आला होता. अशा वेळी गाडीचे पूर्वीचे काम चॅसिसवरून आणि रंगाच्या थरांवरून काढावे लागते. दोन आसांतील अंतर भरले १०१ इंच, आणि पुढची चाकेही इंजिनाने फिरणारी. हे माप १५ हंड्रेडवेटच्या, म्हणजे पाऊण टनाच्या ट्रकचे. पण ‘हेवी युटिलिटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, केबिनीला सलग जोडलेल्या पोलादी पेटीच्या गाडीचेही माप हेच. आणि त्या पेटीत कधी अधिकारी बसत, कधी बिनतारी यंत्र असे, तर कधी रुग्णांची व्यवस्था असे. घरची समजूत अगदीच निराधार होती असे म्हणता येत नव्हते. परंतु येथे केबिनीची पाठ मूळचीच स्वतंत्र आणि बंद होती. सलग पेटी कापून काढल्याची खूण कोठेही नव्हती.

मग बॉनेटच्या बाजूचा वरचा निळा रंग बारीक कागदाने, पाणी लावून, बोटभर जागेत हळूहळू उतरविला. निळ्याखाली करडा, त्याखाली मळकट हिरवा, आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे एक अक्षर: झेड. पुढचे आकडे वाचता येण्यापलीकडे गेले होते. पण अक्षर पुरे होते. ब्रिटिश पद्धतीत लष्करी गाडीच्या क्रमांकाआधीचे अक्षर तिची जात सांगे. रुग्णवाहिकेला ए, मोठ्या लॉरीला एल, एक टनापर्यंतच्या ट्रकला झेड. एखाद्या उत्साही माणसाने ती बाजू खरवडून काढून मग रंगविली असती, तर हा एकमेव साक्षीदार धुळीस मिळाला असता. जुनी गाडी आधी स्वच्छ करून मग तपासावयाची, ही आपल्याकडील चाल मला चोरी झालेल्या घराला पंचनाम्यापूर्वी सारवण घालण्यासारखी वाटते.

ट्रक तर ठरला. पण त्यात काय जात होते? गिअरबॉक्सच्या कुशीला, इंजिनाची शक्ती बाहेर घेण्यासाठी असते त्या तोंडावर, मागाहून बसविलेली झाकणपट्टी होती, आणि केबिनीच्या तळाशी एका जादा दांड्याची खाच होती. अशी सोय दोर ओढण्याच्या विंचसाठी करतात किंवा पंपासाठी. विंचला जाड, भक्कम आधार लागतात. त्यांची भोके चॅसिसवर नव्हती. उलट एका बाजूने नळी धरून ठेवावी अशा हलक्या पट्ट्यांची लहान लहान भोके ओळीने गेलेली, आणि वर टाकी बसावी तशा चार बैठकी. ह्या जातीच्या ट्रकवर पाण्याची टाकी आणि पंप बसवून तो सैन्याला पाणी पुरविण्यास वापरीत. माझ्या मते ही तीच गाडी. मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितले की, साल आणि जात ह्यांविषयी मी शपथ घेईन. पाण्याविषयी ‘बहुधा’ असेच म्हणेन. आणि ती ब्रह्मदेशात गेली की नाही, ह्याविषयी गाडी मुकी आहे.

ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. आजोबांची गोष्ट आपल्या हातून मोडली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि मलाही त्याचे वाईट वाटले. १९६० च्या जिनिव्हा करारांविषयीच्या कायद्याप्रमाणे तांबडा क्रॉस कोणालाही मनास येईल तेथे काढता येत नाही, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. तरी सांगणे भाग होते. अखेर त्यांनी विचारले, “मग शिळेवर काय लिहू?” मी म्हटले, “आजोबांनी लिलावात घेतली, हे लिहा. ते तर खरेच आहे ना?”

पुढे त्यांचे पत्र आले. पाथरवटाने रुग्णवाहिका हा शब्द अद्याप कोरलेला नव्हता. शिळेवर १९४३ हे साल, शेवरोले हे नाव आणि आजोबांचे नाव कोरले आहे. गाडीला पांढरा रंग दिलेला नाही. बॉनेटवरील बोटभर जागा आणि त्यातले ते झेड तसेच उघडे ठेवून वर काच बसविली आहे. पाण्याचा उल्लेख मात्र त्यांनी शिळेवर केला नाही. पक्का पुरावा मिळेपर्यंत तेवढी जागा कोरी ठेवली आहे, असे ते लिहितात.