नवी राणी कोणत्या पेटीतली?



 मधपाळांच्या या संमेलनात वेळ थोडा आहे, म्हणून थेट वरोआ माईटकडे वळतो.

मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशी, पाळणाऱ्याला या कोळ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. नराच्या बंद घराचे टोपण चिमट्याने काढून पांढरा कोष बाहेर ओढला, की त्याच्या अंगावर लालसर तपकिरी, चपटा, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा ठिपका सरपटताना दिसतो. घर बंद होण्याआधी माईटची मादी अळीजवळ शिरते, टोपण बसल्यावर अंडी घालते आणि तिची पिल्ले त्याच कोषावर पोसली जातात. पंख चुरगळून टाकणारा विषाणूही तीच पसरवते.

हा माईट मूळचा आशियाई मधमाशीवरचा, म्हणजे आपल्या सातेरीच्या जातीवरचा. विसाव्या शतकात माणसाने पेट्या इकडून तिकडे नेल्या आणि तो मेलिफेरावर चढला. मेलिफेराच्या वसाहतीवर उपचार केला नाही, तर ती बहुधा दोन-तीन वर्षांत संपते. सातेरी मात्र त्याच्यासह जगते. का?

सातेरीत माईटची वीण जवळजवळ फक्त नरांच्या घरांत होते आणि नर वाढतात ते ठरावीक मोसमात. कामकरीच्या कोषाला माईट लागला तर तो कोष लवकर मरतो, आणि कामकरी माश्या तो माईटसकट बाहेर काढतात. म्हणजे सातेरीचे एकेकटे पिल्लू मेलिफेराच्या पिल्लापेक्षा नाजूक असते, आणि त्या नाजूकपणामुळेच वसाहत वाचते! मला या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. नराच्या घरात फार माईट झाले, तर दुबळ्या नराला जाड टोपण फोडता येत नाही आणि माईटही त्याच्याबरोबर आतच गाडले जातात. शिवाय माश्या एकमेकींच्या अंगावरचे माईट जबड्याने ओढून काढतात.

मग मेलिफेराला हे कधीच जमणार नाही का? स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये इंगेमार फ्रीस आणि सहकाऱ्यांनी १५० वसाहती उपचाराविना सोडल्या. बहुतेक मेल्या. मोजक्या उरल्या, आणि त्यांच्या वंशात माईटची वीण घटलेली आढळली. अमेरिकेत बॅटन रूज येथे जॉन हार्बो आणि जेफ्री हॅरिस यांनी माईट लागलेले कोष हुडकून बाहेर काढणाऱ्या माश्यांची पैदास केली. म्हणजे प्रतिकार वसाहतीगणिक कमी-जास्त असतो आणि तो निवडीने वाढवता येतो. गॉटलंडसारखा प्रयोग मी कोणालाही सुचवणार नाही. ज्याचे घर पेट्यांवर चालते त्याला एवढी मर परवडत नाही. निवड मात्र सर्वांना परवडते.

आपण निवडतो काय? सर्वाधिक मध देणारी पेटी. तिच्यात माईट किती, हे पाहतच नाही. पाहायला खर्च नाही. जाळीच्या झाकणाच्या बरणीत सुमारे ३०० माश्या घ्या (राणी त्यांत नाही ना, हे आधी पाहा), दोन चमचे पिठीसाखर घाला, बरणी हळूहळू फिरवा, मिनिटभर थांबा आणि पांढऱ्या ताटात चाळा. पडलेले माईट मोजा. ९ निघाले तर शंभराला ३. माश्या जिवंत पेटीत परततात.

सातेरीवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. १९९०च्या दशकात थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या असंख्य वसाहती उद्ध्वस्त केल्या. माईटला पुरून उरणारी माशी विषाणूपुढे हरली. बाहेरून आलेल्या पेट्यांबरोबर रोगही येऊ शकतो, म्हणून मध जास्त मिळतो एवढ्याच कारणासाठी सातेरीच्या मुलखात बाहेरच्या पेट्या दाटीवाटीने आणून ठेवणे मला गैर वाटते.

माझी विनंती एकच. यंदा वसाहतींची विभागणी करण्याआधी प्रत्येक मेलिफेरा पेटीचे माईट मोजा, पेटीवर खडूने आकडा लिहा आणि नवी राणी सर्वांत कमी आकड्याच्या, जोमदार पेटीतूनच घ्या. पुढच्या संमेलनाला येताना ते आकडे वहीत उतरवून आणा. आपण ते इथे एकत्र मांडू.